भिंतीपलीकडचं मीठ

सुराबाया, २ एप्रिल २०२०

दिक् हास्तोरो,

चार दिवसांसाठी म्हणून लेकाकडे आले होते, आज चौदावा दिवस. युदांतो मला दाराबाहेर पडू देत नाही. घर नवव्या मजल्यावर असल्यामुळे दाराबाहेर पडूनही जाणार कुठे, तो प्रश्न वेगळाच.

फोन का केला नाही, असं विचारू नकोस. फोनवर मला 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही, आणि संदेश धाडायचा तर तो युदांतोकडूनच टाइप करून घ्यावा लागतो. पत्र मात्र तो वाचत नाही, माझं तिरकं अक्षर बघूनच दमतो. माझी सून वेनिंग पेटीत टाकून येते. तेव्हा हे आपल्या दोघांत, थोरली बहीण आणि तिचा धाकटा दिक्.

काम असं. युदांतोला मला कायमचं इथे ठेवून योग्याकार्ताचं घर विकायचं आहे. "आई, सहासष्टाव्या वर्षी एकटीनं राहायची हौस कशाला?" असं तो जेवता जेवता विचारतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्यात परवा बातमी ऐकली, की जाकार्ताहून परतणाऱ्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायला गल्लोगल्ली रिकामी घरं शोधताहेत. आपला गल्लीप्रमुख पाक तुकिमान माणूस भला, पण नियमाचा. माझं घर रिकामं आहे हे त्याला कळलं तर तो किल्ली मागणार आणि युदांतो आनंदाने देणार. एकदा घरात परकी माणसं शिरली, की 'आता विकूनच टाकू' म्हणायला तो मोकळा.

मी निघाले ती पहाटे. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहेच. रोज अंगण झाड, तिन्हीसांजेला ओसरीवरचा दिवा लाव. मी आत आहे असं दिसलं पाहिजे. घर राहिलं तर मी परत येईन. नाहीतर हा नववा मजला.

खोटं बोल म्हणत नाही. फक्त झाड म्हणते.

वुर्यानी


योग्याकार्ता, ८ एप्रिल

मुख्याध्यापिका (निवृत्त) बू वुर्यानी यांच्या चरणी,

आज्ञा शिरसावंद्य. अंगण झाडतो, दिवा लावतो. तुमच्या अंगणात माझ्यापेक्षा तिप्पट पानं पडतात, हे सत्य नऊ वर्षांच्या शेजारानंतर मला या वयात उमगलं.

गल्लीच्या तोंडाला आडवा बांबू बांधला आहे आणि पाक तुकिमानने जुनं जिंपितान पुन्हा सुरू केलं आहे. प्रत्येक दाराशी खिळ्याला दुधाच्या डब्याची वाटी, घरटी रोज मूठभर तांदूळ, संध्याकाळी पाचला फेरी. जमेल तो तांदूळ ज्यांचं काम बुडालं त्यांच्याकडे जातो. पण तुकिमानचा खरा डाव निराळा. मला म्हणाला, "पाक दोसेन, तुम्ही कॉलेजात शिकवणारे, तुम्हाला सांगतो. वाटी भरलेली दिसली की समजायचं आतलं माणूस धड आहे. रिकामी दिसली की दार वाजवायचं."

फेरी कुणी काढायची? साठीच्या पुढचे बाद, लेकुरवाळे बाद, खोकणारे बाद. उरला संस्कृतचा मास्तर.

म्हणून रोज चार वाजता मी तुमच्या वाटीत माझे तांदूळ घालतो आणि पाच वाजता तेच तांदूळ त्याच वाटीतून गंभीर चेहऱ्याने काढून घेतो. इतकं निष्काम कर्म माझ्या हातून आजवर घडलं नव्हतं. आमच्या न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात: खूण खोटी, म्हणून तिच्यावरून काढलेला निष्कर्षही लंगडा. गल्ली मात्र वाटी पाहते आणि म्हणते, बू ठीक आहेत.

वर्ग आता पडद्यावर भरतात. सहा विद्यार्थी, सहा काळे चौकोन. मी धातू चालवतो, चौकोन ऐकतात. काल न राहवून विचारलं, "कुणी आहे का?" बऱ्याच वेळाने एका चौकोनातून कोंबडा आरवला. मी त्याची हजेरी लावली.

आपला आज्ञाधारक,
हास्तोरो


सुराबाया, १५ एप्रिल

दिक्,

कोंबड्याची हजेरी लावलीस ते बरं केलंस. उत्तर देणाऱ्याला गैरहजर मांडू नये.

मीही लावते. समोरच्या इमारतीच्या चाळीस खिडक्या मला इथून दिसतात. सकाळी सातला खुर्ची ओढून बसते आणि वहीत मांडते. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा काठीला अडकवून पक्ष्याचा पिंजरा उन्हात बाहेर काढतो. पाचव्या मजल्यावरची बाई रोज एका कुंडीला पाणी घालते. कुंडीत नुसती माती आहे. रोज बघते, माती. तीन आठवडे माती. आज तिथे काहीतरी हिरवं दिसलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. युदांतो धावत आला, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "डास."

इथे सगळे माझ्याशी चांगलं वागतात. कुणी माझ्याशी बोलत नाही असंही नाही. पण मोठ्याने बोलायचा त्रास होतो म्हणून थोडकं बोलतात, आणि ज्याला जास्त सांगायचंय तो मला बघून हसतो. दिवसभर लोक माझ्याकडे बघून हसत असतात.

वाटी चालू ठेव. तांदूळ निवडून घाल. माझ्या वाटीत खडे निघाले तर समोरची पोनिराह वाटीत डोकावताच ओळखेल की मी नाही.

वुर्यानी


योग्याकार्ता, २९ एप्रिल

बू,

एक पेच आहे आणि तो तुमच्या पोनिराहने घातला आहे.

रमजान लागल्यावर दुसऱ्याच दिवशी समोरच्या कुंपणापासून गर्जना झाली, "बूऽऽ! कोलाक ठेवलाय दारात! रोजा यावरच सोडा!" केळी, नारळाचं दूध, गूळ. तुम्हाला हाका ऐकू येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे दार उघडलं नाही याचं तिला नवल वाटलं नाही. पण ताटली दारात तशीच राहिली तर गल्ली दार वाजवणार. म्हणून मी मागच्या अंगणातून तुमच्या घरात शिरलो, पुढचं दार बोटभर उघडून ताटली आत ओढली आणि तुमच्या वतीने रोजा सोडला. माझा रोजा नव्हता, हे अल्लाला ठाऊक आहे. तुम्ही त्याला सांगू नका.

तेव्हापासून रोज ताटली येते. शिवाय पोनिराह ताटली ठेवून लगेच जात नाही. तुम्हाला ऐकू जावो न जावो, कुंपणापाशी उभी राहून तुमच्या बंद दाराशी अर्धा तास बोलते. नवऱ्याच्या गुडघ्याचं, मलेशियात अडकलेल्या मुलीचं, मुलगी हल्ली फोनवर रडत नाही याचं. मी दाराच्या आत जमिनीवर बसून ऐकतो. उठलो तर फरशी करकरते.

आता मुख्य मुद्दा. पाच ताटल्या माझ्याकडे धुऊन ठेवल्या आहेत. ताटली रिकामी परत देणं हे या गल्लीत चोरीहून वाईट, आणि मला फक्त पाण्यात शेवया उकळता येतात. काय करू? उत्तर त्वरेने धाडावे. ताटल्या वाढताहेत.

आपला (अन्नवशात्) मिंधा,
हास्तोरो


सुराबाया, ५ मे

दिक्,

माझ्या वाटणीचं खातोस आणि वर संस्कृत लिहितोस.

लोदेह कर. साथीत लोदेहच करतात, आणि सात भाज्यांचा. सहा चालत नाहीत, आठही नाहीत. भोपळा, वांगं, चवळीच्या शेंगा, कच्चा फणस, मेलिंजोची पानं, कोबी, सोयाबीनचं तेंपे. तेंपे ही भाजी नाही असा वाद घालू नकोस. पाणी उकळल्यावर कठीण भाज्या आधी, पानं शेवटी, आणि नारळाचं दूध घातलं की ढवळत राहायचं, नाहीतर फुटतं. फोन वाजला तरी ढवळायचं.

मीठ मला हाताला कळतं, चमच्याला नाही. म्हणून काल इथे करून पाहिलं. चिमटीतलं मीठ चमच्यात ओतून मोजलं, रोजा सोडताना चाखलं. तुझ्या त्या मोठ्या पातेल्याला एक सपाट चमचा. त्याहून एक कण जास्त नको.

पोनिराहची मुलगी रडत नाही याचा अर्थ ती सावरली असाही होतो. तिला तसं कुणीतरी सांगायला हवं होतं. दार सांगू शकत नाही. तू पण नाही.

वुर्यानी


योग्याकार्ता, १३ मे

बू,

विजय! दूध फुटलं नाही. फोन वाजला नाही, तो प्रश्नच आला नाही.

पहाटे सगळ्या ताटल्या आणि लोदेहचे पाच डबे पोनिराहच्या कुंपणापाशी ठेवून आलो आणि संध्याकाळी दाराआड जाऊन बसलो. पोनिराह आली. "बू, काय लोदेह झाला होता! घरातल्यांनी बोटं चाटली. हात तो हातच. म्हटलं, बूंच्या हातचं खाल्लं, आता काही होत नाही आपल्याला." मग म्हणाली, "तुमचं दार असं उघडं... म्हणजे बंदच, पण आहे ना, तेवढं बरं वाटतं हो."

माझी बायको सेकार गेल्यानंतर मी या गल्लीत राहायला आलो. ती उत्तम स्वयंपाक करायची आणि मी उत्तम व्याख्या करायचो: आज आमटीत अमुक रस प्रधान, तमुक गौण. ती म्हणायची, वाढून घ्या. तेव्हापासून माझ्या चुलीवर कुणासाठी काही शिजलं नव्हतं. नऊ वर्षांत गल्लीने माझी पहिल्यांदा एवढी तारीफ केली आणि ती तुमच्या नावाने केली. मी ती दाराच्या फटीतून पुरेपूर घेतली. तुमच्यासाठी थोडी ठेवली आहे.

ईद तोंडावर आली. ओपोर लागेल, नारळाच्या दुधातली कोंबडी. कोंबडीचं माप कळवावे.

हास्तोरो


सुराबाया, १८ मे

दिक्,

ओपोरची कृती मागच्या पानावर आहे. धणे भाजून घे. गवती चहा ठेचून घे, चिरू नकोस. मीठ तीन चमचे, शिगोशीग. करून, चाखून लिहिते आहे.

माझं म्हणशील तर बरी आहे. एसीची सर्दी झाली होती, गेली. इथलं पाणीच मेलं कसलं आहे कोण जाणे, सुनेच्या हातचं काहीच लागत नाही मला. ओला कागद चावल्यासारखं. बिचारी दोन-दोन भाज्या करते. मी 'छान' म्हणते. परवा मी स्वयंपाक केला तर ती 'छान' म्हणाली आणि तांब्याभर पाणी प्यायली. एकमेकींशी फार चांगलं वागतो आम्ही.

युदांतोने घराचे फोटो कुणालातरी पाठवले आहेत. मी पाहिलं, तर म्हणाला, "नुसतं विचारून ठेवतोय." ईदला मी घरी नाही असं सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा होणार.

वुर्यानी


योग्याकार्ता, २७ मे

बू,

ईद मुबारक. शब्दांत, कृतीत, आणि विशेषेकरून मी तुमच्या दाराआड केलेल्या सर्व गोष्टींबद्दल मनापासून क्षमा मागतो.

यंदा कुणी कुणाच्या घरी गेलं नाही. सगळे आपापल्या दारात उभे राहिले आणि गल्लीभर एकमेकांना ओरडून क्षमा मागितली. तुकिमानने पलीकडच्या भाडेकरूची इतक्या मोठ्याने माफी मागितली, की कशाबद्दल ते सगळ्यांना कळलं. मी माझ्या दारात उभा होतो. तुमचं दार बंद. लोकांनी त्यालाही हात जोडले.

आता जपून सांगतो. ओपोर खारट झाला. खारट म्हणजे ज्याला आम्ही 'लवणरसप्रधान' म्हणतो त्याच्याही पुढे. समुद्राशी नातं सांगणारा. माझा हात चुकला असणार. पोनिराहने सांभाळून घेतलं, "रोज्यात चाखता येत नाही हो, होतं असं. चालायचंच बू."

सुनेच्या हातचं काही लागत नाही, हे वाक्य मी तीनदा वाचलं. जगातल्या समस्त सासवांनी ते याआधी म्हटलेलं आहे, तुम्ही फक्त परंपरा चालवली. ओल्या कागदाची उपमा मात्र नवी. वर्गात वापरीन म्हणतो, कोंबड्याला आवडेल.

हास्तोरो


सुराबाया, २ जून

दिक्,

माझी मापं चुकत नसतात. एकतीस वर्षं शाळेतल्या तीनशे मुलांचं जेवण माझ्या नजरेखाली शिजलं.

तेंपेचा तिखट रस्सा कर आणि माझी अब्रू परत आण. आता रोजा नाही, म्हणून तीनदा चाखून लिहिते: मीठ साडेतीन चमचे. घाबरू नकोस. घाल.

फार लिहवत नाही. हल्ली मोरीपर्यंत जाऊन आलं तरी खुर्चीवर बसावं लागतं, वय झालं. हजेरी चालू आहे. पिंजऱ्याचा म्हातारा तीन दिवस दिसला नाही. कुंडीत रोप आहे, आता टीचभर.

घराचं गिऱ्हाईक येऊन पाहणार म्हणतात. दिवा लावतोस ना?

वु.


योग्याकार्ता, ८ जून

बू,

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुम्ही माझ्यावर संतापलेल्या असाल. तरी क्रमाने सांगतो. क्रम सुटला तर माझा धीरही सुटेल.

शनिवारी तुमच्या मापाने रस्सा केला. चाखला, डोळ्यांत पाणी आलं. पण तुम्ही तीनदा चाखून लिहिलं होतंत, म्हणून मी माझ्या जिभेवर अविश्वास दाखवला आणि डबा पोनिराहच्या कुंपणाला लावला.

रविवारी सकाळी तुमच्या दारात सात माणसं. अंगात प्लास्टिकचे रेनकोट, तोंडावर फडकी. पोनिराह रडत होती.

"पाक दोसेन, बाजूला व्हा. बूंना झालाय तो."

"कशावरून?"

"मिठावरून! ईदला म्हटलं, रोजा असेल. आता कुठला रोजा? तीस वर्षं खातेय मी त्या हातचं. बूंना चव कळेनाशी झालीय हो! रेडिओवर सांगतात ना, चव जाते म्हणून?"

तुकिमान म्हणाला, "दार तोडायचं नाही. किल्ली कुणाकडे असेल?"

माझ्या खिशात होती. मी ती काढली. मग सात माणसांसमोर तुमचं घर उघडलं. घडी घातलेलं अंथरूण, भिंतीवर मार्चचं कॅलेंडर. पोनिराह सगळ्या खोल्यांतून फिरून आली आणि मला म्हणाली, "मग मी दीड महिना कुणाशी बोलत होते?"

मी म्हटलं, "माझ्याशी." ती घरी निघून गेली.

मग तुकिमानने विचारलं आणि मी सांगत गेलो.

"वाटी तुम्ही भरत होता?"

"हो."

"आणि काढतही तुम्हीच होता?"

"हो."

"बरं. मग हे खारट?"

"तेही मीच केलं."

"तुम्हाला चव कळते ना?"

"कळते."

"मग एवढं मीठ का घातलंत हो?"

"बूंनी लिहिलं तेवढंच घातलं. त्यांनी स्वतः तीनदा चाखून..."

वाक्य तिथेच थांबलं. वाटी खोटी, दिवा खोटा, हात माझा; आणि या सगळ्या खोट्यातून पोनिराहने काढलेला निष्कर्ष खरा होता. फक्त रोगी सव्वातीनशे किलोमीटर लांब होता. ओला कागद. सर्दी. मोरीपर्यंत जाऊन बसावं लागणं. तुम्ही मला सगळं लिहिलं होतंत आणि मी त्यावर सासवांचे विनोद करत बसलो.

तुकिमानने युदांतोला फोन लावून दिला. युदांतो म्हणाला, "आई ठीक आहे, नुसती दमलीय." मी म्हटलं, "त्यांना डोळे मिटायला सांगा आणि जिभेवर एकदा मीठ ठेवा, एकदा साखर." वीस मिनिटांनी वेनिंगचा फोन आला. "दोन्ही सारखंच लागतं म्हणाल्या. आम्ही हॉस्पिटलला निघतोय."

घराचं गुपित मी फोडलं. तुम्ही मला एकच काम सांगितलं होतंत.

हास्तोरो


योग्याकार्ता, १९ जून

बू,

उत्तर नाही, ते यावं अशी अपेक्षाही नाही. वेनिंग तुकिमानला कळवते: नळी लावली आहे, पालथं झोपवतात, आज कालच्यासारखंच.

दाराआड बसायला मला आता कारण नाही. पोनिराह माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. एका माणसाने एवढं ऐकलं आणि एकदाही हुंकार दिला नाही.

तुकिमान परवा नियमांचा कागद घेऊन तुमच्या ओसरीवर उभा होता. "घर रिकामं आहे हे आता मला कळलंय. घ्यावं लागेल." पोनिराह समोरून म्हणाली, "वाटी बघा की." मी सकाळपासून तिकडे फिरकलो नव्हतो, काही घातलं नव्हतं. वाटी काठोकाठ भरलेली. पांढरा तांदूळ, लाल तांदूळ, आणि पलीकडच्या भाडेकरूकडची कणी, सगळं एकात एक. "जिची वाटी भरलेली तिचं घर रिकामं कसं?" पोनिराहने विचारलं. तुकिमानने कागदाची घडी घातली. "नियम मीच केलाय," तो म्हणाला आणि गेला.

मी ते तांदूळ ओतून घेतले. उद्या पुन्हा भरलेली असेल का, ठाऊक नाही. हे तुम्हाला कुणी वाचून दाखवेल म्हणून लिहितो.

हास्तोरो


योग्याकार्ता, ३० जून

बू,

भरलेली असते. रोज.

हास्तोरो


सुराबाया, ९ जुलै

दिक्,

काल घरी आणलं. वीस दिवस पत्ताच नव्हता मला, मग दहा दिवस छताचा. अक्षर आणखी तिरकं झालंय, वाचून घे.

संतापले होते. रुग्णवाहिकेत तुझ्यावर संतापून राहण्यात बराच वेळ गेला, त्याचा उपयोग झाला.

आता खरं सांगते. चव गेली हे मला मेच्या मध्यालाच कळलं होतं. तीनदा चाखलं हे खरं, पण तीनदाही काही लागलं नाही, म्हणून घालत गेले. साथीची भीती नव्हती वाटली. युदांतोची वाटली. हिला चव नाही, वास नाही, उद्या गॅस गळला तर? असं म्हणून तो मला कधीच परत पाठवणार नाही. म्हणून गप्प राहिले. वेनिंगलाही झाला. तिला सौम्य होता, पण तो माझ्यामुळे. ती अजून माझ्यासाठी दोन भाज्या करते. तिची क्षमा दारातून ओरडून मागता येणार नाही, जवळ जाऊन मागायला हवी. काल मागितली. ती हसली नाही, मोठ्याने बोलली. बराच वेळ बोलली.

पाचव्या मजल्यावरच्या कुंडीत मिरची धरली आहे. तीन. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद असते. त्याच्या नावापुढे मी काही मांडलेलं नाही, रकाना कोरा ठेवला आहे.

युदांतो मला भीती होती तेच म्हणतोय, गॅस. घर आहे, मी आहे, पण वास नाही. गिऱ्हाईकाला त्याने थांबवून ठेवलंय. मी त्याला म्हटलं, शेजारी नाक आहे. तो तुला फोन करील. मला ऐकू येणार नाही, तेव्हा तुला वाटेल ते सांग. ओझं नको असेल तर तेही सांग. मी समजेन.

वुर्यानी


योग्याकार्ता, १५ जुलै

बू,

फोन आला. तुमचा मुलगा तुमच्यासारखाच प्रश्न विचारतो, छडी पाठीमागे धरून.

"पाक, रोज सकाळ-संध्याकाळ आईच्या स्वयंपाकघराचा वास घ्याल?"

"घेईन."

"किती दिवस?"

"माझं नाक चोपन्न वर्षांचं आहे. बरंच चालेल असा अंदाज आहे. सर्दी वर्षातून दोनदा होते, तेव्हा पोनिराहला नेमीन."

"त्या तुमच्याशी बोलत नाहीत असं ऐकलं."

"नाकाला बोलावं लागत नाही."

तो हसला नाही. म्हणाला, "तुम्ही हे का करताय? तुम्हाला काय मिळतं त्यात?"

मी उत्तर जुळवायला लागलो. परोपकार, शेजारधर्म, पाच-सहा समास तयार होते. मग म्हटलं, "अहो, त्या गेल्यापासून मला कुणी ओरडलेलं नाही."

मग म्हणाला, "महिनाभर बघू." गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवतो म्हणाला.

हे मी उपकार म्हणून करत नाही, एवढं लक्षात असू द्या. या.

हास्तोरो


भिंतीवरून, ५ ऑगस्ट

दिक्,

सकाळी मी गाडीतून उतरले तेव्हा तू तुझ्या दारात उभा होतास. हात हलवलास आणि आत पळालास. वाळला आहेस.

तुकिमानचा हुकूम आहे: बाहेरून आलेल्याने चौदा दिवस वेगळं राहायचं. कुठे राहू, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "गल्लीत एकच घर मिळालं, तुमचं." चौदा दिवस मी आत, तुम्ही सगळे बाहेर. पोनिराह कुंपणापाशी येऊन एवढंच बोलली, "आहात ना?" मी दार उघडून दाखवलं. मग ती जोरजोराने रडली, तेवढं मला ऐकू आलं.

लोदेह केला आहे. सात भाज्या. भांडं भिंतीवर ठेवते, मी आत गेले की घे. मला अजून काही लागत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, किंवा येणारही नाही. मीठ घालायला गेले आणि हात बरणीवरच थांबला. किती वेळ उभी होते माहीत नाही.

कसं झालं ते खरं लिही. तू गोड बोलणारा माणूस आहेस. गोड बोललास तर मला इथे राहता येणार नाही.

वुर्यानी


भिंतीवरून, दुपारी

बू,

मीठ नाही. कमी नाही, नाहीच.

दोन वाट्या खाल्ल्या. उरलेला संध्याकाळसाठी ठेवला होता, तोही खाल्ला.

उद्या अर्धा चमचा घाला. मग सांगतो.

हास्तोरो